डाव्या पायाचा ब्रेक

शोरूममधल्या विक्रेत्याने कापड ओढण्याआधी आम्हाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. कापडाखाली काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आम्ही टाळ्या वाजवल्या. मग माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या हातात पुठ्ठ्याची एक चावी देण्यात आली. ती साधारण होडीच्या वल्ह्याएवढी होती. दादाने ती छातीशी धरली, वहिनीने केक कापला, फोटो निघाला. त्या फोटोत दादा वर्गाबाहेर उभ्या केलेल्या विद्यार्थ्यासारखा दिसतो.

"काका, ही मॉडर्न रोडस्टर आहे," विक्रेता म्हणाला.

"रोडस्टर म्हणजे?"

"म्हणजे रोडवर चालवायची."

"मग आधीची काय मी विहिरीत चालवत होतो?"

विक्रेता हसला. ग्राहकाच्या विनोदाला हसणं किमतीत धरलेलं असतं.

गाडी दादाच्या मुलाने घेऊन दिली होती. तो पुण्याला असतो आणि वडिलांवरचं प्रेम ऑनलाइन व्यक्त करतो. वडील सत्तरीत आले, जुन्या गाडीला किक मारताना त्यांचा गुडघा दुखतो, हे त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि दसऱ्याला नवी गाडी बुक केली. बटण दाबलं की चालू. कौतुक करण्यासारखीच गोष्ट होती आणि आम्ही ते केलंही.

दादाची पहिली गाडी तो नोकरीला लागला त्या सुमाराची. तो पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होता. हे शब्द गुरांना आणि माणसांना सारखेच अवघड, त्यामुळे किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत आणि पलीकडे सिद्धगडच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत सगळे त्याला डाक्टर म्हणत. गाडीच्या मागच्या सीटवर लसींची बर्फाची पेटी बांधलेली असे. पेटी नसेल त्या दिवशी मी बसे. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. मोटारसायकल चालवायला कधी शिकलो नाही, शिकायची गरजही पडली नाही. आयुष्यभर दादाच्या मागे बसलो. त्यामुळे या दोन गाड्यांची तुलना करायचा मला काही अधिकार असेल तर तो मागच्या सीटवरचा आहे.

जुन्या गाडीची मागची सीट रुंद, स्प्रिंगांची. खड्डा आला की आधी वर जायचं आणि मग खाली यायचं, मधल्या वेळात विचार करता येई. नव्या गाडीची मागची सीट पोळपाटाएवढी आणि उंच. तिच्यावर बसलं की आपण चालवणाऱ्याच्या खांद्यावर बसलो आहोत असं वाटतं. सगळी गाडी आखून झाल्यावर, शुक्रवारी संध्याकाळी, कोणाला तरी आठवलं असावं की मागेही माणूस बसतो. पण नवी हलत नव्हती. जुन्या गाडीवरून कसाऱ्यापर्यंत जाऊन उतरलं तर पुढचा अर्धा तास सही करता येत नसे.

आवाजाची गोष्ट वेगळी. जुनीचा आवाज दोन वळणं आधी येई. वाड्यांवरच्या बायका तो ऐकून शेळ्या बांधून ठेवत, म्हाताऱ्या खोकला आवरत, आणि ज्यांनी मागच्या वेळचं औषध पाजलं नव्हतं ते रानाकडे निघत. नवीचा आवाज सभ्य होता. आपल्या येण्याची कोणाला तसदी नको, अशा बेताने ती यायची.

आणि पाय. ही गोष्ट मी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. दादाच्या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाशी होता आणि ब्रेक डाव्या पायाशी. साहेबाच्या देशातली पद्धत. आताच्या सगळ्या गाड्यांत ते उलट असतं, गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. मधल्या काळात जगाने पाय बदलले. दादाने बदलले नाहीत, कारण त्याने गाडीच बदलली नव्हती. हाताचा, पुढच्या चाकाचा ब्रेक जुन्या गाडीलाही होता, पण तो मुख्यतः मनाला धीर देण्यासाठी. खडीच्या रस्त्यावर तो दाबला तर माणूस तोंडावर पडतो, हे दादा पहिल्या वर्षीच शिकला होता. त्यानंतर त्याने त्याला हात लावला नाही. कुत्रं, रेडकू, दारुडा, काहीही समोर आलं की डावा पाय खाली. चाळीस वर्षं.

नवी गाडी घरी आल्यावर दादाने पंधरा दिवस हायस्कूलच्या मैदानावर सराव केला. टाकीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर मार्करने लिहिलं: डावा गिअर. उजवा ब्रेक. सही आणि शिक्का तेवढा बाकी होता.

"चाळीस वर्षं संसारात डावं-उजवं केलंत," वहिनी म्हणाली, "आता गाडीत करा."

"संसारात ब्रेक तुझ्याकडे होता," दादा म्हणाला.

तो ती पट्टी वाचायचा, मैदानाला फेरी मारायचा, माझ्यापाशी येऊन उजव्या पायाने थांबायचा. दरवेळी बरोबर. सोळाव्या दिवशी आम्ही बाजारात गेलो आणि धडधाकट परत आलो. पट्टी डोळे वाचत होते. पाय वाचत नाहीत, ही साधी गोष्ट जन्मभर पुस्तकांच्या कपाटांत घालवूनही माझ्या ध्यानात आली नाही.

रविवारी मुंबईहून माळशेजकडे जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांच्या टोळ्या आमच्या नाक्यावर चहाला थांबतात. अंगात इतकं चामडं असतं की दादाला त्यांना लस टोचावीशी वाटते. एकदा त्यातल्या एकाने आमच्या पडवीत झाकून ठेवलेली जुनी गाडी पाहिली. "अंकल, ही गाडी म्हणजे लेगसी आहे," तो म्हणाला.

"लेगसी नाय," दादा म्हणाला, "प्लगमध्ये तेल येतं."

यानंतर थोड्याच दिवसांनी एका मासिकाच्या संपादकांचा मला फोन आला. ते माझ्या कॉलेजचेच जुने विद्यार्थी. वाहनांवर अंक काढत होते. "सर, तुमच्या घरात दोन्ही आहेत. जुनी रोडस्टर आणि नवी रोडस्टर. तुलना करा. गमतीदार लिहा." मी होकार दिला. वहीचं पान मधोमध दुमडून दोन रकाने केले. सीट, आवाज, किक, दिवा, आरसा. मजेत काम चाललं होतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी वहिनीच्या माहेरी साखरपुडा होता. वहिनी आदल्या दिवशी पुढे गेली होती. दादा आणि मी नव्या गाडीवरून निघालो. दादाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मुरबाड मागे पडलं. भात कापून झालेल्या खाचरांत गुरं सोडलेली होती, समोर सिद्धगडाचा डोंगर स्वच्छ दिसत होता. दादा जोरात चालवत नव्हता. तो जोरात कधीच चालवत नसे.

एका वळणानंतर रस्त्याच्या कडेने एक बाई पाठमोरी चालली होती. डोक्यावर टोपली. टोपलीत करांदे. थंडीत वाडीवरच्या बायका हे कंद रानातून खणून आणतात आणि उकडून नाक्यावर विकतात. रस्त्याच्या पलीकडे वडापावची टपरी होती, बायका तिच्याशेजारी बसतात. ती पलीकडे जायला वळली. आमच्यात आणि तिच्यात अंतर होतं. भरपूर नव्हे, पण पुरेसं होतं.

दादाचा डावा पाय खाली गेला.

खट झालं. गिअर बदलला, आणि गाडी थांबण्याऐवजी ओरडली. त्याने आणखी जोराने दाबलं, पुन्हा खट झालं, गाडी पुन्हा ओरडली. त्याचा उजवा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता. त्या उंच सीटवरून सगळं दिसतं. उजवा पाय जागच्या जागी स्वस्थ होता, आणि त्याच्या बोटांखाली ब्रेक होता. शोरूममध्ये विक्रेत्याने ब्रेकच्या नव्या यंत्रणेचंही बरंच वर्णन केलं होतं, पण ती चालण्यासाठी ब्रेक दाबावा लागतो.

हँडल तिच्या कोपराला लागलं. ती पुढे हातावर पडली. करांदे डांबरावर गडगडत उताराला गेले, कितीतरी वेळ ते जातच होते.

आम्ही पडलो नाही. गाडी पुढे जाऊन कशीबशी थांबली. दादा उतरला, पण स्टँड लावायचं त्याला सुचेना. मी गाडी धरून उभा राहिलो. टपरीवाला हातातला झारा तसाच घेऊन धावत आला.

"काय झालं?"

दादाने तोंड उघडलं. 

"आडवी आली," मी म्हणालो.

हे वाक्य मला शोधावं लागलं नाही. आमच्या भागात ते तयार मिळतं. इथल्या प्रत्येक अपघातात कोणी ना कोणी आडवं येतं. म्हैस आडवी येते, सायकलवाला आडवा येतो, झाड आडवं आल्याचंही मी ऐकलं आहे. गाडी कोणावर जात नाही. या वाक्याची मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अनेकदा टिंगल केली होती. आणि वेळ आल्यावर ते माझ्याच तोंडातून, अगदी शुद्ध उच्चारात बाहेर पडलं.

बाई रस्त्यावर बसली होती. उजवं मनगट डाव्या हाताने पोटाशी धरलेलं. तिने वर पाहिलं.

"अगो बाय! डाक्टर?"

तिच्या शेळ्यांना दादाने वर्षानुवर्षं लस दिली होती. दादा खाली बसला आणि तिचं मनगट पाहू लागला. गुराचा खूर धरतात तसं, दोन्ही हातांनी.

"माझीच चूक," ती टपरीवाल्याला म्हणाली. "मीच आले आडवी. डाक्टरची गाडी मला आयकूच नाय आली. नायतर आवाज काय वळखीत नाय मी?" मग दादाला म्हणाली, "तुमाला लागलं काय?"

रिक्षाने तिला मुरबाडला सरकारी दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, प्लास्टर झालं. औषधपाणी दादाने पाहिलं. दुपारी तिचा मुलगा आला. आसनगावकडच्या एका कंपनीत तो पॅकिंगला असतो, कंपनीचा निळा शर्ट तसाच अंगावर होता. त्याने आधी दादाला हात जोडले.

"माफ करा डाक्टर. हिला कितीदा सांगतो, रस्त्यानं बघून चालत जा." मग तो आईकडे वळला. "डोळं फुटलं काय तुझं? गाडी आयकू येत नाय?"

"नाय आली, बाबा," ती म्हणाली.

दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. तो बोलला नाही. मीही बोललो नाही. आम्ही दोघे साखरपुड्याला पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या, आणि तिथे वहिनीच्या भावाने विचारल्यावर मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा ते आणखी सोपं गेलं.

दादाने नवी गाडी पडवीत लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. आता पडवीत दोन झाकलेल्या गाड्या होत्या. कोणी विचारलं तर थंडीने गुडघा धरलाय म्हणायचा. माझ्याशी तो पावसापाण्याचं बोले, वालाच्या शेंगांचं बोले. वहिनी मला म्हणाली, "भावोजी, ह्यांनी मनाला लावून घेतलंय. तुमी तरी सांगा, चूक तिची होती." मी मान हलवली. ग्रंथालयात मान हलवण्याची सवय लागते. हो की नाही ते विचारणाऱ्याने ठरवायचं.

संपादकांचा फोन आला. लेख कुठवर आला? मी वही उघडली. दोन रकाने छान भरत आले होते. शेवटच्या ओळीत मी लिहिलं: ब्रेक. जुनी, डावा पाय. नवी, उजवा पाय. मग बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. सहा-सात शब्दांत सगळं होतं. ज्या कोणाला वाचता येईल त्याला ते समजलं असतं, आणि मासिक वाडीवर जात नसल्यामुळे जिला समजायला हवं होतं तिला सोडून सगळ्यांना समजलं असतं. तब्येतीचं कारण सांगून मी लेख रद्द केला.

पौष लागल्यावर मी काही कामासाठी मुरबाडच्या बाजारात गेलो होतो. त्याच वाडीवरची एक बाई पाल्यावर करांदे मांडून बसली होती. मी तिला त्या बाईबद्दल विचारलं.

"ती नाय येत आता रस्त्याला," ती म्हणाली. "प्लास्टर तिनंच कापून टाकलं. पाणी कोण भरंल? हात वाकडा बसलाय. पहार धरवत नाय."

"मग घरीच असते?"

"घरीच. बहिरी झालीय ना ती. डाक्टरची गाडी आयकू आली नाय तिला, एवढी मोठी गाडी! लेक म्हनतो, उद्या ट्रकखाली जाशील. घरचं सगळं आता तिच्याशी वरडून बोलतात. तीबी म्हनते, कान गेलं माझं." ती हसली. "आमी तिच्यासमोरच तिच्या गजाली करतो. आयकू थोडंच येतंय."

मी करांदे घेतले, किती आणि का ते आठवत नाही. घरी आलो. दादा अंगणात वालाच्या शेंगा सोलत होता. मी त्याच्यासमोर बसलो आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. तो शेंगा सोलत राहिला. मग थांबला.

"ती बहिरी नाय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"ती माझ्या जुन्या गाडीच्या आवाजावर चालत होती. आवाज नाय म्हणजे डाक्टर नाय. तिचं बरोबर होतं." त्याने सूप बाजूला सारलं. "आणखी एक आहे. तुला सांगितलं नाय मी."

"पाय," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"मागे बसलो होतो ना. दोनदा खट झालं."

"आणि तू आडवी आली म्हणालास."

"हो."

"मला वाटलं, तुला खरंच तसं दिसलं. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. रात्र-रात्र मी पाय हलवून बघायचो, खाटेवर. डावा दाबला का उजवा." तो हातातल्या शेंगेकडे पाहत होता. "तू शिकलेला माणूस. तू आडवी आली म्हणालास, म्हणून मी तेच धरून बसलो."

मला वाटलं होतं मी त्याला वाचवलं. तसं काही मी त्याला म्हणालो असतो तर त्याने शेंगांचं सूप माझ्या डोक्यात घातलं असतं, आणि ते योग्य झालं असतं.

आम्ही वाडीवर जाऊन सांगायचं ठरवलं. वहिनीला ते पसंत नव्हतं. "प्रकरण मिटलंय. तिची काय तक्रार नाय, तिच्या पोराची नाय. कशाला उकरून काढता?" तिने पुण्याला फोन लावला. पुतण्याने मला फोनवर घेतलं. तो घाबरला होता आणि घाबरल्यावर तो इंग्रजी शब्द जास्त वापरतो. "काका, लीगली हे रिस्की आहे. केस ओपन होईल. पप्पांचं वय बघा. मी गाडी बदलून देतो, दुसरी घेऊ, ऑटोमॅटिक स्कूटर."

"बाळा, गाडीत दोष नाही," मी म्हणालो. खरोखरच नव्हता. तोही माझा एक शोध होता. जुनी गाडी चांगली, नवी वाईट, असं म्हणायला मला आवडलं असतं. अशा लेखांची तीच रीत आहे. पण नवी गाडी तिच्या जागी ठीक होती आणि जुनी तिच्या जागी. चूक दोघींच्या मधल्या जागेत झाली होती, आणि त्या जागेत आम्ही दोघे भाऊ होतो.

दादा नव्या गाडीला हात लावेना. जुनीवरची ताडपत्री काढली, प्लग साफ केला. दहाव्या किकला ती चालू झाली आणि दादा गुडघा धरून खाली बसला. मग उठला. मी मागे बसलो. वाटभर आम्ही बोललो नाही. त्या गाडीवर बोलता येतही नाही.

वाडी रस्त्यापासून आत आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात उभी होती, वाटेकडे तोंड करून. शेजारची एक बाई दादाला पाहून तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"मघापासनं म्हनते, डाक्टर आला, डाक्टर आला. आमी म्हनलं, हिला काय आयकू येतंय! कान वाजत असतील."

दादा गाडी बंद करून उतरला. त्याने तिला हाताने बसायची खूण केली आणि स्वतः ओट्यावर बसला. मी उभा राहिलो. सांगायचं कसं यावर मी रस्त्यात बरीच वाक्यं जुळवली होती. दादाने त्यांची वाट पाहिली नाही.

"तू आडवी आली नव्हतीस," तो साध्या आवाजात म्हणाला. ओरडला नाही. "मला ब्रेक दाबायचा होता. चुकीचा पाय दाबला. ती गाडी नवीन होती, तिला आवाज कमी. तुला आयकू येणारच नव्हतं. तुझे कान बरे आहेत."

तिने अंगणात लावलेल्या गाडीकडे पाहिलं. शेजारणीचं हसू थांबलं. माझ्या मनात आलं, आता रडेल किंवा म्हणेल, असू द्या डाक्टर. आपण पुस्तकं वाचतो तेव्हा अशा जागी बाया असंच म्हणतात.

"तवाच ठावं होतं तुमाला?" तिने विचारलं.

"हो."

"आन् यांना?" तिने माझ्याकडे हनुवटी केली.

"मलाही," मी म्हणालो.

"आडवी आली, तुमीच म्हनलं ना टपरीवाल्याला? मी आयकलं. मी म्हनलं, शिकलेला मानूस खोटं कशाला बोलंल, मीच आले असंन." तिने वाकडं मनगट मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं, ते दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं. "घरात मानसं माझ्या तोंडावर मला काय काय बोलली. बहिरी म्हनून. मी गप आयकत बसले. मला वाटायचं, मनातच आयकते मी. मला वाटलं, येडी झाले."

दादाने हात जोडले. तिने तिकडे पाहिलं नाही.

"मला सांगून काय व्हनार?" ती म्हणाली. "माझ्या लेकाला सांगा. त्यानं मला कोंडलंय. सांजेला येईल."

"थांबतो," दादा म्हणाला.

आम्ही थांबलो. तीन-साडेतीन तास असतील. ती आत-बाहेर करत होती. डाव्या हाताने भांडी उचलत होती, लाकडं मोडायला पाय लावत होती. दादा एकदा उठून लाकडं मोडायला गेला. तिने हातातला कोयता त्याला दिला नाही. वाडीतली माणसं येऊन बघून गेली. बातमी पसरली होती. कोणी आम्हाला शिवी दिली नाही, कोणी बसायला चटईही टाकली नाही. एक म्हातारा येऊन दादाशेजारी टेकला, आपल्या बैलाचा खांदा सुजलाय म्हणाला. दादाने जाऊन खांदा पाहिला, हळद लावायला सांगितली आणि परत ओट्यावर येऊन बसला. मी खिशातल्या कागदावर काहीतरी लिहीत असल्याचं ढोंग करत होतो. मग तेही सोडलं.

उन्हं उतरल्यावर मुलगा आला. त्याच निळ्या शर्टात. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि ते पाहणं फार कठीण होतं.

"डाक्टर! कधी आलात? आये!" तो दाराकडे तोंड करून केवढ्याने तरी ओरडला. "डाक्टर आल्यात! पानी दिलंस काय?"

"बस," दादा म्हणाला. "आधी ऐक."

त्याने पुन्हा सगळं सांगितलं. पाय, आवाज, सगळं. या वेळी त्याने स्वतःच्या दोन पायांवर हात ठेवून दाखवलं, हा दाबायचा होता, हा दाबला. मुलगा एकदा दादाच्या पायांकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे पाहत होता. मग मी माझ्या वाट्याचं सांगितलं. ते दोन वाक्यांत संपलं. लांबवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मुलगा उठला. अंगणातल्या शेळीची दोरी खांबाला गुंडाळली गेली होती, ती त्याने उगाच सोडवली. तो आमच्यावर चिडेल असं मला वाटत होतं. मला ते हवंही होतं. पण तो आमच्याकडे पाहतच नव्हता. गेला महिनाभर या अंगणात तो काय काय बोलला होता, ते बहुधा तो आठवत होता.

मग, आमच्याशी कसं वागावं हे न सुचल्यामुळे असेल किंवा नुसत्या सवयीने असेल, त्याने दाराकडे न वळता, नेहमीच्या आवाजात, जवळजवळ पुटपुटत म्हटलं, "आये, च्या ठेव यांना."

"आयकलं," ती आतून म्हणाली.

चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला नाही. भांड्याचा आला नाही. आम्ही तिघंही ऐकत होतो. थोड्या वेळाने ती दारात आली, उंबऱ्यावर बसली, आणि वाकडं मनगट दुसऱ्या हाताने चोळत अंगणाकडे बघत राहिली. चहा काही झाला नाही.